घरामागच्या रानात शिकार चालते: नवीन आलोय, समजून घ्यायचं आहे

माळरान | 9 नोव्हेंबर 2025, रात्री 9:40

न्यू जर्सीत एडिसनला सात वर्षं काढून जुलैमध्ये आम्ही पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या पश्चिमेला कंबरलँड काउंटीत घर घेतलं. नवीन वसाहत आहे, चाळीसेक घरं. आमचं घर शेवटच्या रांगेत. मागे मक्याचं शेत, शेतापलीकडे झाडांचा पट्टा आणि त्यातून वाहणारा ओढा. घर बघायला आलो तेव्हा संध्याकाळच्या उन्हात पाच हरणं मक्यातून चालली होती आणि त्या एका दृश्यावर मी घर पसंत केलं होतं.

ऑक्टोबरपासून सगळं बदललं. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात दिवा लावते तर शेताच्या कडेने रानरंगी कपड्यातला माणूस चालत जाताना दिसतो, झाडावर बांधलेल्या लोखंडी मचाणावर चढतो आणि तासन्‌तास हलत नाही. गेले दोन शनिवार दुपारी बंदुकीचे आवाज आले. एक, थोडा वेळ शांतता, मग परत एक. आठ वर्षांचा मुलगा अंगणात खेळत होता, मी त्याला हाताला धरून आत आणलं. काल पेट्रोल भरताना पुढच्या पिकअपच्या फळीवर हरीण आडवं टाकलेलं होतं, जीभ बाहेर आलेली. मुलगा काही बोलला नाही, पण रात्री झोपताना विचारलं, "आपल्या मागचंच होतं का ते?"

आम्ही घरी मटण, मासे खातो. त्यामुळे मी कुणाला अहिंसा शिकवायला आलेले नाही. पण मुलं राहतात तिथे बंदुका चालाव्यात हे माझ्या पचनी पडत नाही. मुलाच्या वर्गातला एक जण सांगत होता, थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या सोमवारी शाळेला सुट्टी असते, ती हरणांच्या शिकारीची. मला आधी खरंच वाटलं नाही.

इथे जुने राहणारे कोणी आहेत का? घरापासून किती अंतरावर हे चालू शकतं? पोलिसांना फोन करावा का? नवरा म्हणतो, नव्या जागी आल्या आल्या वैर नको.

झाडपान | 9 नोव्हेंबर, रात्री 11:05

माळरान, घाबरू नका. फोन उचलण्याआधी नियम नीट माहीत करून घ्या.

मी चेस्टर काउंटीत 21 वर्षं आहे. पेनसिल्व्हेनियात राहत्या घरापासून 150 यार्डांच्या आत (म्हणजे साधारण 137 मीटर) घरात राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यबाणाला हेच अंतर 50 यार्ड आहे. याला इथे सेफ्टी झोन म्हणतात. त्या पट्ट्यात गोळी झाडणं तर सोडाच, जनावराचा पाठलाग करणं किंवा त्याला हुसकावणंही चालत नाही. जमीन शेजाऱ्याची असली तरी तुमच्या घराभोवतीचा हा पट्टा तुमच्या परवानगीचा.

आमच्या फिलाडेल्फियाच्या आसपासच्या काउंट्यांत वस्ती दाट म्हणून हरणांसाठी रायफल मुळीच चालत नाही. शॉटगन, धनुष्य आणि ठासणीची बंदूक एवढंच. तुमच्याकडे रायफल चालते, हा फरक लक्षात ठेवा.

आणि हो, सुट्टीचं खरं आहे. 1963 पासून 2018 पर्यंत रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा. शाळा, कारखाने, कचेऱ्या, सगळीकडे शुकशुकाट. 2019 पासून हंगाम शनिवारी उघडतो, पण सोमवारची सुट्टी बऱ्याच शाळांनी तशीच ठेवली. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाला रजा नाकारून बघावी, तसं आहे ते.

सांजधून | 10 नोव्हेंबर, सकाळी 7:20

नियम सांगून मन शांत होत नाही हो. परवाना असला म्हणजे गोळी कमी लागते का? मी मिशिगनला आहे. दर नोव्हेंबरला हेच बघते आणि दर वर्षी तितकाच त्रास होतो. भुकेसाठी मारणं मी समजू शकते. मारलेल्या जनावराची शिंगं धरून हसत फोटो काढणं मला समजत नाही, आणि ते समजून घ्यायची माझी इच्छाही नाही.

माळरान, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न खरा आहे. "ही इथली पद्धत आहे" असं सांगून तो मिटवू नका.

घाटपायथा | 10 नोव्हेंबर, रात्री 8:15 (भारत)

मी इथे सहसा वाचतो फक्त. हा धागा बघून लिहावंसं वाटलं.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या खाली. माझ्या आजोबांच्या वेळी शिमग्याला गावाची पारध निघायची. देवाला गाऱ्हाणं घालून माणसं रानात शिरायची, हाकारे ढोल आणि पत्र्याचे डबे बडवत रान उठवायचे, आणि ठासणीची बंदूक असलेले दोघे-तिघे वाटेवर दबा धरून बसायचे. डुक्कर पडला की वाटे व्हायचे. हाकाऱ्याला वाटा, म्हाताऱ्या बाईच्या घरीसुद्धा वाटा. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि हे बंद व्हायला हवं होतं. उघडपणे झालंही.

पण डुक्कर काही बंद झाला नाही. भात पोटरीला आलं की एका रात्रीत कुणगा, म्हणजे भाताचा वाफा, लोळवून ठेवतात. माझे वडील सत्तरीतही शेतातल्या माळ्यावर झोपायला जायचे, रात्रभर डबा वाजवायचे. मग लोक काय करतात? गुपचूप फासक्या लावतात, गाडीच्या क्लचच्या तारेच्या. फासकीला डुक्कर, भेकर, बिबट्या यांच्यातला फरक कळत नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या काजूच्या बागेच्या कुंपणाला बिबट्या कमरेत अडकला होता. रात्रभर ओरडत होता. वनखात्याची माणसं पिंजरा आणि भुलीची बंदूक घेऊन येईपर्यंत उन्हं वर आली, आणि तोवर तो गप्प झाला होता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून तुमच्याकडचं वाचून मला वेगळंच वाटलं. माणूस उजेडात चालत जातो, दिसतो, त्याचा हंगाम ठरलेला आहे, परवाना आहे, तुम्ही त्याला जाऊन विचारू शकता. आमच्याकडे कोणाला विचारायचं? फासकी लावणारा कोण ते अख्ख्या गावाला माहीत असतं आणि कोणालाच माहीत नसतं.

रानवाटा | 11 नोव्हेंबर, सकाळी 6:50

मी शिकार करतो. मराठी आहे, मूळचा नगर जिल्ह्यातला, पेनसिल्व्हेनियातच स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळ 14 वर्षं राहतो. इथे हे लिहायला थोडा वेळ घेतला, कारण आपल्या लोकांत हे सांगितलं की समोरच्याच्या नजरेत पडदा येतो हे अनुभवलं आहे. पण माळरान यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं.

आधी तुमच्या दोन शनिवारांबद्दल. झाडावरचा माणूस धनुष्यवाला आहे, सध्या धनुष्याचा हंगाम चालू आहे. बंदुकीचे एकेक करून येणारे आवाज बहुधा नेम जुळवण्याचे. हंगामाआधी रायफलची दुर्बीण तपासावी लागते. एक गोळी, कागद बघायचा, पेच फिरवायचा, परत एक. मधली ती शांतता त्याचीच.

उंच मचाण बघून भीती वाटते, पण मला विचाराल तर जमिनीवर उभं राहून गोळी मारणाऱ्यापेक्षा तो बरा. वरून मारलेली गोळी हुकली तर समोरच्या मातीत जाते. आडवी मारलेली चुकली तर कुठे थांबेल सांगता येत नाही. परवान्याआधीच्या शिक्षणात आम्हाला हेच घोकून घेतात: हरणाकडे बघण्याआधी हरणाच्या मागे काय आहे ते बघ. मागे आभाळ दिसत असेल तर गोळी नाही.

रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर लागतं, चारी बाजूंनी दिसेल असं. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला लांबून दिसतो. तुम्हीही दोन बंड्या घेऊन ठेवा, कुत्रा असेल तर त्यालाही. स्टेट गेम लँड (राज्याच्या मालकीची शिकारीची राने) म्हणून पाट्या असलेल्या जमिनींवर 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर फिरणाऱ्यांनाही नारिंगी सक्तीचं असतं. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. मुलाची बस अंधारात येत असेल तर त्याच्या दप्तराला नारिंगी पट्टी लावा. ती गाड्यांसाठीही उपयोगाची.

अजून एक. इतकी वर्षं रविवारी इथे जवळजवळ शिकार नव्हती, जुना कायदा होता. 2019 च्या दुरुस्तीने तीन रविवार उघडले आणि यंदा तो कायदाच रद्द झाला. त्यामुळे "रविवारी निर्धास्त फिरा" असं कोणी जुन्या सवयीने सांगितलं तर ऐकू नका.

सांजधूनताई, शिंगं धरून हसणारा फोटो मलाही आवडत नाही. माझं पहिलं हरीण पडलं तेव्हा मी त्याच्याजवळ बसून राहिलो, हात थरथरत होते. मान गरम होती. मी नगरला कसायाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहून वाढलोय, पण खाल्लेल्या जनावराची मान गरम असताना हात लावायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवसापासून घरात मांस टाकलं जात नाही, एवढं नक्की.

सांजधून | 11 नोव्हेंबर, सकाळी 8:02

तुम्ही मनापासून लिहिलंत ते पोचलं. पण तुमची थरथर त्या हरणाच्या काही उपयोगाची नव्हती. लोकसंख्या आटोक्यात ठेवायची असेल तर दुसरे उपाय का शोधत नाहीत? हरणांनी काय बिघडवलंय?

रानवाटा | 11 नोव्हेंबर, रात्री 9:30

त्या हरणाच्या उपयोगाची नव्हती, हे मान्य.

बिघडवलं माणसांनीच, आणि त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात इथली जंगलं लाकडासाठी साफ तोडली गेली. मांसासाठी आणि कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली. लांडगे संपले, प्यूमा संपले, आणि हरणंही संपत आली. 1895 मध्ये गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार आणि वन्यजीव बघणारं खातं, स्थापन झालं ते त्यामुळेच. 1906 पासून मिशिगनसारख्या दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून सोडली. 1907 मध्ये माद्या मारायला बंदी झाली. मग तोडलेलं जंगल कोवळं फुटायला लागलं. हरणांना ताट वाढून ठेवल्यासारखं, आणि खाणाऱ्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं. काही दशकांत इतकी हरणं झाली की हिवाळ्यात उपाशी मरायला लागली. ओकची रोपं गुडघ्याच्या वर जाईनात. आजही हरणांपासून कुंपण घातलेला जंगलाचा तुकडा आणि शेजारचा उघडा तुकडा एकदा बघून या. आत रानफुलं, रोपं, पक्ष्यांना झुडपं. बाहेर फक्त नेचे.

गर्भनिरोधकाचे प्रयोग झालेत. कुंपणातल्या किंवा बेटावरच्या थोड्या हरणांना ते जमतं. मोकळ्या रानात दर मादीला गाठून सुई द्यायची म्हणजे अवघड आणि फार खर्चिक.

पैसा कुठून येतो तेही सांगतो. 1937 च्या केंद्रीय कायद्याने रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. मी पक्षी बघायला जातो त्या पाणथळीची देखभालही त्यातूनच होते. हे सांगून तुमचं दुःख खोटं ठरवायचं नाहीये मला.

वैद्यकाका | 12 नोव्हेंबर, दुपारी 1:15

एवढंच जोडतो. माळरान, मागच्या गवतात मुलगा खेळतो ना? बंदुकीआधी गोचीड बघा. गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचे सर्वाधिक रुग्ण नोंदवणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया वर्षानुवर्षं आहे. गोचिडीला जंतू मिळतो तो मुख्यतः उंदरांकडून, पण मोठी गोचीड वाढते हरणांवर. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत तपासा. थंडी पडली की गोचीड गेली असं समजू नका, मोठी गोचीड नोव्हेंबरात भरपूर फिरते. चावलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय नकोत.

माळरान | 16 नोव्हेंबर, रात्री 10:20

सगळ्यांचे आभार. दोन-तीनदा सगळं वाचून काढलं आणि काल सकाळी शेताच्या मालकांकडे गेले. एकटीच गेले. काय बोलायचं ते गाडीत तीन वेळा म्हणून बघितलं.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. मी म्हटलं, "मला भीती वाटते. मुलगा लहान आहे. मला फक्त कळायला हवंय." त्यांनी आत जाऊन कागद आणला, स्वयंपाकघराच्या टेबलावर शेताचा नकाशा काढला, त्यात दोन मचाणं दाखवली आणि प्रत्येकापासून बाण काढले. गोळी फक्त त्या दिशेला, ओढ्याच्या उतारात. मग मला शेतावर नेऊन अंतर मोजायच्या दुर्बिणीतून आमच्या घराची भिंत दाखवली. 230 यार्ड. "कमी असतं तर मीच मचाण हलवलं असतं," म्हणाले.

परत येताना ते वसाहतीकडे बघून बोलले ते मनात राहिलंय. आमची रांग आहे तिथे 2018 पर्यंत त्यांच्या अक्रोडाच्या झाडांची ओळ होती. भावाभावांत वाटणी झाली, धाकट्याने विकलं. त्यांचं पहिलं हरीण, बारा वर्षांचे असताना, वडिलांबरोबर, त्या ओळीत पडलं होतं. हे सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र कसंतरीच झालं. पाच हरणं बघून मी जे घर घेतलं, ते त्यांच्याच वाटेवर बांधलेलं आहे, आणि या माणसाच्याही.

फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. रायफल घेऊन उतरतील त्या सकाळी ते मला निरोप पाठवणार आहेत.

सांजधून, मला अजूनही तुमच्यासारखंच वाटतं. पण आता ज्याच्याविषयी वाटतं त्याचा चेहरा माहीत आहे.

झाडपान | 16 नोव्हेंबर, रात्री 11:10

जाऊन बोललात ते फार बरं केलंत. आमच्या वसाहतीत एका कुटुंबाने बोलणं टाळून थेट तक्रार केली होती. शिकारी सगळे नियम पाळत होता, त्यामुळे निष्पन्न काही झालं नाही, आणि दोन्ही घरांतलं बोलणं आजतागायत बंद आहे.

तुमच्या स्वतःच्या जमिनीत कोणी येऊ नये असं वाटत असेल तर पाट्या लावायची गरज नाही. 2020 पासून इथे झाडांवर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा म्हणजे "प्रवेश बंद". कमीत कमी 8 इंच लांब, जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर, आणि दोन पट्ट्यांत 100 फुटांपेक्षा जास्त अंतर नको.

माळरान | 30 नोव्हेंबर, दुपारी 4:45

काल हंगाम उघडला. पहाटे 5:50 ला निरोप आला: "नात बरोबर आहे. पूर्वेचं मचाण." आम्ही जागेच होतो. साडेसात ते नऊ, लांबून जवळून मिळून मी अकरा आवाज मोजले. त्यातला एक खिडकीची काच थरथरेल इतका जवळचा.

वीसेक मिनिटांनी दारावर थाप. दारात चौदा वर्षांची मुलगी, डोक्यापासून कमरेपर्यंत नारिंगी, हात मोकळे. मागे पायरीच्या खाली आजोबा, तेही बंदुकीशिवाय. मुलगीच बोलली. तिने मारलेलं हरीण पळत आमच्या हद्दीत आलंय, मागे जाऊन शोधायची परवानगी आहे का. तिचा आवाज कापत होता. इथे जखमी जनावरामागेसुद्धा न विचारता दुसऱ्याच्या जमिनीत शिरता येत नाही, हे आजोबांनी नंतर सांगितलं.

मी नाही म्हणू शकले असते. क्षणभर मनात आलंही. पण मग ते हरीण तिथेच कुठेतरी पडून राहिलं असतं. मी जोडे घातले आणि त्यांच्याबरोबर गेले.

रक्ताचे थेंब गवतावर नाण्याएवढे, मग मोठे. सप्टेंबरात मी कुंपणाला सदाहरित झुडपं लावली होती, जी हरणांनी कमरेपर्यंत ओरबाडून ठेवली आहेत. त्यांच्याच मुळाशी ती पडली होती. मादी होती. डोळे उघडे, श्वास थांबलेला. मुलीने हातमोजा काढला आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. रानवाटा, मला तुमचं लिहिलेलं आठवलं. मग तिने पेनाने टॅग (शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी) भरून हरणाच्या कानाला बांधला. आजोबांनी तिला एका शब्दाचीही मदत केली नाही, फक्त टोपी काढून हातात धरली होती.

ओढत शेतात नेईपर्यंत माझा मुलगा मागच्या दारात उभा. मी त्याला आत जा म्हटलं नाही. त्याने त्या मुलीला विचारलं, "तिचं पिल्लू आहे का?" ती म्हणाली, या वर्षीची पाडसं आता स्वतः चरतात, मोठी झालीत. आणि जरा थांबून म्हणाली, "पण असेल कदाचित. ती एकटी नव्हती." खोटं बोलली नाही याचं मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी पोटात तुटलंही.

तासाभराने आजोबा पाण्याच्या दोन बादल्या घेऊन परत आले आणि आमच्या गवतावरचं रक्त धुऊन गेले. मी सांगितलं नव्हतं.

सांजधून | 30 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:10

वाचताना दोनदा थांबले. त्या पाडसाचा विचार डोक्यातून जात नाहीये. पण त्या मुलीने खरं सांगितलं, त्याबद्दल तिला माझ्याकडून एक शाबासकी द्या. मुलगा कसा आहे?

माळरान | 30 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:55

गप्प आहे जरा. आज सकाळपासून खिडकीत बसून शेताकडे बघतोय. मघाशी तीन हरणं आली, त्यात एक लहान होतं. "हेच असेल," म्हणाला. मी म्हटलं, असेल.

घाटपायथा | 1 डिसेंबर, सकाळी 7:40 (भारत)

बादल्यांचं वाचून माझ्या आजोबांची आठवण झाली. पारधीनंतर वाटे झाले की ती जागा शेणाने सारवून मगच माणसं उठायची.

माळरान | 7 डिसेंबर, रात्री 9:15

एक विचारायचं राहिलं. काल त्या मुलीने खिम्याचं एक पाकीट आणून दिलं, वर तिच्या हाताने तारीख लिहिलेली. उरलेल्यातलं बरंचसं अन्नपेढीला देणार म्हणाली, इथे 1991 पासून शिकाऱ्यांनी दिलेलं मांस गरजूंपर्यंत पोचवायची व्यवस्था आहे. नवरा म्हणतो कर. मुलगा म्हणतो नको. माझं ठरत नाहीये.

रानवाटा | 7 डिसेंबर, रात्री 10:05

घाई करू नका. 2012 पासून इथे हरणांत एक मेंदूचा आजार आढळतोय, क्रॉनिक वेस्टिंग. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी आजारी जनावराचं मांस खाऊ नये असंच सांगतात. त्यांनी डोकं तपासणीला दिलंय का विचारा. दिलं असेल तर निकाल येईपर्यंत थांबा. करायचाच ठरला तर चरबी अजिबात नसते, तेल जरा जास्त घाला आणि मंद आचेवर झाकून शिजवा.

माळरान | 8 डिसेंबर, सकाळी 8:30

विचारलं. डोकं दिलंय, निकाल यायला काही आठवडे लागतील म्हणाले. पाकीट फ्रीजरमध्ये आहे.